परदेशी मुंग्यांची हौस आणि हुलसूरच्या बांधावरचे वारूळ

पाने कापणाऱ्या मुंग्या पाने खात नाहीत. अमेरिका खंडातल्या या मुंग्या हिरव्या पानांचे तुकडे वारुळात नेतात, चावून त्यांचा लगदा करतात आणि त्या लगद्यावर पांढरी बुरशी पिकवतात. बुरशीच्या धाग्यांना टोकाशी येणारे फुगीर कण हे पिलांचे अन्न. ‘अट्टा’ आणि ‘ॲक्रोमिर्मेक्स’ या त्यांच्या दोन मुख्य प्रजाती. अट्टाच्या जुन्या वसाहतीत लाखो मुंग्या नांदतात. मोठ्या मुंग्या पाने कापतात आणि सर्वांत लहान मुंग्या बुरशीची निगा राखतात. तरुण राणी उड्डाणाला निघते तेव्हा बुरशीचा कण तोंडातल्या पिशवीत घेऊन निघते. नव्या वसाहतीचे बियाणे तेच.

एवढी करामत घरातल्या काचेच्या पेटीत बघायला मिळावी, असे वाटणारे हौशी जगभर आहेत आणि त्यांच्या हौसेवर मोठा व्यापार उभा आहे. केनियातल्या नैवाशा इथे एप्रिल २०२५ मध्ये उघड झालेली राणी मुंग्यांची तस्करी याच व्यापाराची बाजू दाखवते. त्या प्रकरणातल्या मुंग्या दाणे गोळा करणाऱ्या जातीच्या होत्या, पण त्या पाठवण्याची रीत या धंद्यातली नेहमीचीच: छोटी नळी, ओला कापूस आणि आत एक राणी. सुमारे ५,००० राण्या अशा नळ्यांत भरलेल्या सापडल्या. दंड झाला, पण मागणी संपलेली नाही.

पाने कापणाऱ्या मुंग्या पाळणे म्हणजे खरे तर बुरशी पाळणे. पेटीचे तीन भाग लागतात: बुरशीची बंद कुपी, पाने ठेवायची मोकळी जागा आणि कचऱ्याचा कप्पा. कुपीतली हवा कायम दमट आणि तापमान २५ अंशांच्या आसपास राहावे लागते. हवा कोरडी झाली की बुरशी आक्रसते आणि बुरशी गेली की वसाहत उपाशी मरते. कचऱ्यात रोगजंतू असतात, म्हणून मुंग्या तो बुरशीपासून लांब टाकतात. पाळणाऱ्यालाही तो नियमित काढावा लागतो. गुलाब, जास्वंद, आंबा अशी ताजी पाने रोज हवीत आणि त्यांवर फवारणी झालेली नसावी. बुरशीला बाधणारे पान आत गेले, तर मुंग्यांना ते लगेच कळत नाही. बुरशी आजारल्यावर, कधी दिवसभराने, त्या ते पान आणायचे थांबवतात. तोवर नुकसान होऊन गेलेले असते.

बिदर जिल्ह्यातल्या हुलसूरसारख्या गावात हे साधणे अवघड आहे. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, हवा कोरडी असते आणि तुरी-सोयाबीनच्या शिवारात फवारणी न झालेले पान शोधावे लागते. पण अडचण सोयीपुरतीच नाही. जिवंत कीटक परदेशातून आणण्यासाठी वनस्पती विलगीकरण आदेश, २००३ नुसार केंद्राचा परवाना लागतो आणि तो घरच्या हौसेसाठी नाही. ही अट योग्यच आहे. अमेरिकेतून आलेल्या लष्करी अळीची भारतातली पहिली नोंद २०१८ साली कर्नाटकातच झाली. त्याच वर्षी ती महाराष्ट्राच्या मक्यातही पोचली. काँग्रेस गवत तर प्रत्येक धुऱ्यावर आहे. पाने कापणारी मुंगी मुळात ज्या मुलखात राहते, तिथेही ती फळबागांची मोठी शत्रू मानली जाते. तिला हौसेखातर इथे आणणे हा शेतकऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

शिवाय तिची गरजही नाही. बुरशीची शेती करणारा कीटक हुलसूरच्या बांधावर आधीपासून आहे. तो म्हणजे वाळवी. नागपंचमीला ज्या वारुळाची पूजा होते, ज्याला शेजारचे कन्नड बोलणारे लोक ‘हुत्त’ म्हणतात, ते साप बांधत नाही. साप तिथे आयता येऊन राहतो. दख्खनमधली पन्हाळ्या-पन्हाळ्यांची उभी वारुळे ‘ओडोन्टोटर्मिस ओबेसस’ या वाळवीची असतात.

वाळवी आणि मुंगी यांचे नाते जवळचे नाही. वाळवी झुरळांच्या कुळातली. तरी दोघींनी स्वतंत्रपणे बुरशीची शेती साधली. फरक कच्च्या मालात आहे. मुंगी हिरवे पान आणते, वाळवी वाळलेला पाला, काडी, धसकट आणि लाकूड आणते. कामकरी वाळवी ते खाते, अर्धवट पचलेल्या अवस्थेत बाहेर टाकते आणि त्याचे सच्छिद्र, सुरकुतलेले पोळे रचते. फुटलेल्या वारुळात हे तपकिरी पोळे हातात घेतले तर वजनाला हलके लागते आणि त्यावर खसखशीएवढे पांढरे दाणे दिसतात. हेच पीक. ‘टर्मिटोमायसिस’ नावाची ही बुरशी लाकडातला कठीण भाग फोडते आणि वाळवी ते तयार अन्न खाते. पावसाळ्यात काही वारुळांतून हीच बुरशी अळंबी होऊन वर येते. गोव्यातली प्रसिद्ध रोण ओल्मी हीच.

या शेतीची नोंदही दक्षिण भारतातूनच लवकर झाली. तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत राहिलेले वैद्य आणि निसर्गअभ्यासक योहान गेरहार्ट कोनिश यांनी १७७९ मध्ये तंजावर भागातल्या वाळवीचे आणि तिच्या वारुळातल्या बुरशीचे वर्णन छापले. मुंग्या पानांवर बुरशी पिकवतात, हे निसर्गअभ्यासक टॉमस बेल्ट यांनी निकाराग्वातल्या निरीक्षणांवरून १८७४ मध्ये मांडले. म्हणजे मधे जवळपास शंभर वर्षे गेली.

आजचे उत्तम कामही कर्नाटकातच झाले आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेने बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच ओबेसस वाळवीचा बारकाईने अभ्यास केला. वाळवीच्या पोळ्यात ‘स्यूडोझायलेरिया’ नावाची तणासारखी बुरशी दबा धरून असते आणि देखभाल थांबली की सगळे पोळे व्यापते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनानुसार वाळवी ही बुरशी वासावरून ओळखते आणि मातीखाली गाडते; पिकाच्या बुरशीला मात्र तशी वागणूक देत नाही. अंधारात, डोळ्यांविना, केवळ वासावर चाललेली ही खुरपणी आहे. याच गटाने वारुळाच्या बांधकामाचाही अभ्यास केला. वाळवी ओल्या मातीच्या बारीक गोळ्या करून एकेक रचते आणि ती माती आसपासच्या मातीपेक्षा कितीतरी पटींनी बळकट होते.

वारुळाला हवा कशी मिळते, याचे उत्तरही ओबेससच्या भारतातल्या वारुळांवर केलेल्या मोजमापांतून मिळाले. शास्त्रज्ञ एल. महादेवन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की दिवसा बाहेरच्या पन्हाळ्या तापतात, तिथली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री हा प्रवाह उलटतो. आतला कोंदट वायू सच्छिद्र भिंतींतून बाहेर पडतो.

ही वाळवी घरात पाळता येत नाही आणि पाळूही नये. दाराची चौकट तिचे पहिले खाद्य होईल. ती उसाच्या बेण्याला आणि भुईमुगाला उपद्रव करते, हेही खरे. पण बांधावरचे, पिकापासून लांबचे वारूळ काडीकचरा मातीत परतवते आणि जमीन भुसभुशीत करते. दिसेल तिथे रॉकेल ओतण्याची सवय सोडायला हवी.

घरातच वसाहत हवी असेल तर काळा मुंगळा उत्तम. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या राण्या दिव्याखाली येतात. त्यांच्यासोबत वाळवीची पाखरेही येतात, पण ओळख सोपी आहे: मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मोठे, वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ आणि चारही पंख सारखे. पंख गळालेली एक राणी परीक्षानळीत ठेवावी. तळाशी पाणी, मधे कापसाचा बोळा, तोंडाशी दुसरा बोळा. नळी अंधारात ठेवावी आणि सारखी हलवू नये. पहिली कामकरी पिढी येईपर्यंत राणीला अन्न लागत नाही. ती स्वतःच्या अंगातल्या साठ्यावर पिले वाढवते. पुढे साखरपाणी आणि मेलेला कीटक पुरतो. सांभाळणे झेपले नाही, तर जिथे सापडली त्याच ठिकाणी सोडून द्यावी.

शाळांनी हा प्रयोग जरूर करावा आणि गावाने बांधावरचे एखादे वारूळ मुलांसाठी राखून ठेवावे. त्यासाठी खर्च नाही आणि परवानाही लागत नाही.