खुराकाची हौस, वजनाचे वेड

भोर तालुक्यातील शिवरे गावाच्या टापूत जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. फड पाहून घरी आल्यावर ज्याने आरशासमोर दंड फुगवून पाहिले नाहीत, असा मुलगा विरळाच! मग वाटते, आपणही खुराक सुरू करावा, वजन वाढवावे. त्यात गैर काही नाही. पण वजन वाढते तेव्हा नेमके काय वाढते?

हिशेब करून पाहा. म्हशीच्या एक लिटर दुधातून साधारण १,१०० उष्मांक मिळतात. अंगावर एक किलो चरबी चढायला सुमारे ७,७०० उष्मांक शिल्लक पडावे लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर रोज लिटरभर दूध जादा प्यायले, तर कागदावर आठवड्याला एक किलो! प्रत्यक्षात काही उष्मांक शरीर उष्णतेच्या रूपाने उधळून टाकते. उरलेल्यांचे स्नायू होणार की पोटाचा घेर, हे मात्र दूध ठरवत नाही; ते बहुतांशी जोर-बैठकांवर अवलंबून असते.

जपानचे सुमो पहिलवान पाहा. कसरत चालू असेपर्यंत त्यांची चरबी बरीचशी कातडीखाली राहते. आखाडा सुटला आणि ताट तेवढेच राहिले, की ती आतड्यांभोवती साचू लागते. मधुमेहाचे भय वाढते. (आपल्याकडच्या निवृत्त पहिलवानांनीही हे ऐकून ठेवावे.)

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलो गटात लढले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी ब्राँझपदक मिळवले ते ५७ किलो गटात. चार वर्षांत एकच गट वर! त्या वजनाला काम होते आणि सीमाही होती. काटा ५७ च्या पुढे गेला असता, तर त्या गटात उभेच राहता आले नसते.

आरशाला असे गट नसतात. १९९३ साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ हॅरिसन पोप व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही शरीरसौष्ठवपटूंमध्ये एक विलक्षण प्रकार नोंदवला. माणूस चांगला धिप्पाड, पण स्वतःच्या नजरेला किडकिडाच दिसतो! असा माणूस तापातही व्यायाम चुकवत नाही आणि मोजून खाता येणार नाही म्हणून लग्नाची पंगत टाळतो. कितीही वाढला तरी त्याचे समाधान होत नाही. २०१३ पासून अमेरिकन मनोविकारांच्या अधिकृत सूचीतही या विकाराची नोंद आहे.

अशा वेळी कुणीतरी हळूच स्टेरॉइडचे इंजेक्शन पुढे करतो. तुमच्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते आणि तिच्यामुळेच उंची वाढते. ही औषधे त्या कूर्चेचे वेळेआधीच हाड करून टाकतात. दंड फुगतील, पण उंची तिथेच खुंटेल.

आता एक प्रयोग. आठ दिवस काट्यावर चढू नका. जेवण-व्यायाम नेहमीचेच ठेवा. काट्याची आठवण झालीच नाही, तर खुशाल थंडाई घोटा. पण मन सारखे काट्याकडे धावत राहिले, झोप लागेना, तर ते घरी किंवा तुमच्या गुरुजींना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. दूध तोपर्यंत नासणार नाही. आई त्याचे दही लावील.