सहायक साधन घेण्याआधी वापरून पाहा

व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, कॅलिपर, कृत्रिम पाय, श्रवणयंत्र, पांढरी काठी, भिंग या सगळ्यांना सहायक साधने म्हणतात. पक्षाघात, अपघात, मधुमेहामुळे कापावा लागलेला पाय, जन्मजात दोष किंवा वाढते वय यामुळे जे काम अवघड होते, ते अशा साधनाने पुन्हा जमू शकते. पण साधन घरी आले म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. कपडे वाळत घालायला वापरलेला वॉकर किंवा डबीत बंद पडलेले श्रवणयंत्र तुम्हीही पाहिले असेल.

असे होऊ नये म्हणून साधन घेण्याआधी त्याचे प्रात्यक्षिक व्हायला हवे. प्रात्यक्षिक म्हणजे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली दोन-तीन प्रकारची साधने रुग्णाने स्वतः वापरून पाहणे. दुसऱ्याने चालवून दाखवलेले पाहणे म्हणजे प्रात्यक्षिक नव्हे.

साधन पडून का राहते?

अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अपंगत्व असलेल्या २२७ प्रौढांना त्यांच्या साधनांबद्दल विचारले गेले. त्यांच्या साधनांपैकी सुमारे २९ टक्के साधने वापरणे त्यांनी पूर्ण सोडले होते. चालण्या-फिरण्याची साधने जास्त प्रमाणात सोडली गेली होती. निवडताना वापरणाऱ्याचे मत विचारले न जाणे, साधन सहज हाती पडणे, ते नीट काम न करणे आणि गरज बदलणे ही चार मुख्य कारणे निघाली.

यातले 'सहज हाती पडणे' हे कारण आपल्याकडे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोफत मिळते म्हणून घेतलेले साधन शरीराला किंवा घराला जुळेलच असे नाही. चुकीच्या साधनाने इजाही होते. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या रुग्णाला कंबरेखाली स्पर्श कळत नाही. तो गादीविना व्हीलचेअरवर तासन्‌तास बसला, तर बैठकीच्या जागी जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही.

तपासणी शिबिरातच बोला

केंद्र सरकारची 'एडिप' योजना १९८१ पासून चालू आहे. तिच्यातून मिळणारी बरीच साधने कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी बनवते. हे काम सहसा दोन टप्प्यांत होते. आधी तपासणी शिबिरात मोजमाप होते आणि कोणते साधन द्यायचे ते ठरते. काही काळाने वाटप शिबिरात साधन हातात मिळते.

योजनेच्या नियमाप्रमाणे एकदा साधन मिळाले की त्याच कारणासाठी पुन्हा मदत मिळायला साधारण ३ वर्षे थांबावे लागते. १२ वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत १ वर्षाची आहे. म्हणजे न जुळणारे साधन घेतले तर पुढची काही वर्षे तेच वापरावे लागते. त्यामुळे वाटपाच्या दिवशी तक्रार करण्यापेक्षा तपासणीच्या दिवशी बोलणे महत्त्वाचे. 'हे मला वापरून पाहायचे आहे' असे स्पष्ट सांगा. तो तुमचा हक्कच आहे, त्यात संकोच कसला?

जाताना घराची मापे घेऊन जा

साधन शिबिराच्या गुळगुळीत फरशीवर चालते, म्हणून ते तुमच्या घरी चालेल असे नाही. बोईसरच्या चाळीतली एक खोली, सातपाटीची वाळू आणि खारा वारा, जव्हार-मोखाड्याचा चढउतार, तारापूर एमआयडीसीतला अवजड वाहनांचा रस्ता, प्रत्येक ठिकाणची गरज वेगळी असते. म्हणून आदल्या दिवशी हे मोजून लिहून घ्या :

• सर्वात अरुंद दाराची रुंदी. बहुतेक साध्या व्हीलचेअर बाहेरून ६० ते ६५ सेंटिमीटर रुंद असतात.
• उंबरठ्याची आणि पायरीची उंची. उताराचा नियम सोपा आहे : जितकी उंची, त्याच्या १२ पट लांबी. १५ सेंटिमीटर पायरीला १८० सेंटिमीटर उतार लागतो.
• संडास कसा आहे, तिथे खुर्ची वळते का, धरायला काही आहे का.
• रोज जायचे कुठे : शाळा, कंपनी, बाजार, रेल्वे स्टेशन?
• पावसाळ्यात त्या वाटेवर चिखल किती होतो?

मोबाइलवर घराचे आणि वाटेचे फोटो काढून नेले तर तज्ज्ञाला अंदाज लवकर येतो.

वापरून पाहताना काय तपासावे?

काठी : सरळ उभे राहून हात सैल सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपर्यंत यावी. धरल्यावर कोपर किंचित वाकलेले असावे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते.

कुबड्या : वरची गादी बगलेपासून दोन-तीन बोटे खाली हवी. भार हातांवर द्यायचा, बगलेवर नाही. बगलेवर भार दिल्यास नस दबून हाताला मुंग्या येतात, हात लुळाही पडू शकतो.

व्हीलचेअर : बसल्यावर मांडीच्या दोन्ही बाजूंना साधारण एक बोट जागा राहावी. गुडघ्यामागे आणि बैठकीच्या कडेत दोन बोटांचे अंतर हवे. ब्रेक स्वतः लावता येतो का, खाटेवरून खुर्चीत जाता येते का, हे करून पाहा. किमान अर्धा तास बसा आणि उठल्यावर त्वचा लाल झाली आहे का ते घरच्यांना पाहायला सांगा.

कृत्रिम पाय : पाय कापल्यानंतर पहिल्या काही महिन्यांत उरलेल्या भागाची सूज उतरते आणि साचा सैल होतो. त्यामुळे पहिला पाय बसवल्यावर पुन्हा माप घ्यावे लागणारच, हे धरून चला. तुम्ही अनवाणी चालता की चपलेने, मांडी घालून बसता का, शेतात काम करता का, हे आधी सांगा. जयपूर फूट १९६८ साली नेमक्या अशाच भारतीय सवयी डोळ्यांसमोर ठेवून तयार झाला.

श्रवणयंत्र : शांत खोलीत सगळेच बरे ऐकू येते. यंत्र लावून बाहेर गर्दीत या, दोन-तीन माणसांशी बोला. लहान बॅटरी बोटांनी बदलता येते का ते पाहा. किनारपट्टीच्या दमट हवेत यंत्रात ओल जाते, म्हणून ते रात्री ओल शोषणाऱ्या डबीत ठेवायला शिका.

मुलांची साधने : मूल वाढते, साधन वाढत नाही. दर ६ महिन्यांनी माप पुन्हा तपासून घ्या.

निर्णय कोणाचा?

प्रात्यक्षिकात घरची माणसेच जास्त बोलतात आणि रुग्ण गप्प बसतो, असे बऱ्याचदा होते. आजोबांना ढकलत न्यायची खुर्ची मुलाला सोयीची वाटते, पण वॉकर धरून स्वतः अंगणात जाणे आजोबांना जास्त मोलाचे असू शकते. 'तुम्हाला स्वतःला काय करता यायला हवे आहे?' हा प्रश्न आधी रुग्णाला विचारा. बोलता येत नसेल तर खुणेने, चित्राने विचारा. लाज वाटते म्हणूनही लोक काठी किंवा श्रवणयंत्र टाळतात. तेही बोलून दाखवू द्या.

गावात किंवा कंपनीत प्रात्यक्षिक भरवायचे असेल तर

ग्रामपंचायत, शाळा, ग्रामीण रुग्णालय किंवा कंपनी असा कार्यक्रम घेऊ शकते. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. या कामासाठी त्याची मागणी ग्रामसभेत करता येते. कार्यक्रम ठरवताना पुढील गोष्टी पाळा :

• फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कृत्रिम अवयव तंत्रज्ञ किंवा श्रवणतज्ज्ञ, यांपैकी साधनानुसार योग्य व्यक्ती हजर हवी.
• प्रत्येक साधनाचे दोन-तीन प्रकार आणि मापे ठेवा.
• जागेवर एक उंबरठा, एक उतार आणि थोडी खडबडीत जमीन तयार करा.
• एका माणसाला निदान अर्धा तास द्या. दिवसाला कमी लोक आले तरी चालेल.
• तेच साधन आधीपासून वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीला बोलवा. तिचे चार शब्द डॉक्टरांच्या तासभर बोलण्यापेक्षा उपयोगी पडतात.
• शक्य असल्यास साधन आठवडाभर घरी वापरायला द्या. अमेरिकेत कायद्यानेच राज्यांना प्रात्यक्षिक आणि तात्पुरते उसने साधन, या दोन्ही सोयी ठेवायला सांगितले आहे.
• महिन्याने फोन करा : साधन वापरात आहे का, कुठे टोचते का, दुरुस्ती हवी का?

कुठे जावे?

आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणी करून दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. एडिपसाठी उत्पन्नाची मर्यादाही आहे. ती वेळोवेळी बदलते, म्हणून जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात चौकशी करा. तारापूरच्या कारखान्यात काम करताना हात किंवा पाय गमावलेल्या कामगाराने, राज्य कामगार विमा योजनेत नाव असल्यास, कृत्रिम अवयवासाठी तिथेही अर्ज करावा.

गुंतागुंतीच्या गरजेसाठी मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि वांद्र्याला श्रवणदोषांसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. दोन्ही ठिकाणी पालघर-बोईसरहून पश्चिम रेल्वेने जाता येते.

साधन वापरताना त्वचा लाल होऊन अर्ध्या तासात पूर्ववत झाली नाही, जखम झाली, हाताला मुंग्या आल्या किंवा तोल जाऊन पडायला झाले, तर 'सवय होईल' म्हणून थांबू नका. साधन वापरणे थांबवा आणि ते सोबत घेऊन डॉक्टरांना किंवा तंत्रज्ञाला दाखवा. बहुतेक वेळा माप दुरुस्त केल्यावर तेच साधन नीट वापरता येते.