खिडकीतून दिसलेला टीव्ही

'आमच्या घरी पहिला टीव्ही आला तेव्हा' अशी सुरुवात असलेल्या आठवणी मराठीत उदंड आहेत आणि बहुतेक एकाच वळणावर येतात: अख्खी चाळ आमच्याकडे जमायची, काय तो शेजारधर्म! माणसं जमत हे खरंच, पण ती शेजारधर्मापोटी जमत हे मला पटत नाही. त्याच चाळींत रेडिओ कितीतरी आधी आला होता. बिनाका गीतमालेसाठी शेजारच्या खोलीत जाऊन बसायची गरज नसे. गाणं भिंत ओलांडून येई. चित्र तसं येत नाही. त्यासाठी माणसालाच उंबरठा ओलांडावा लागतो. टीव्हीवर 'छायागीत' हा गाण्यांचा कार्यक्रम लागला की परक्या घरातल्या सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली पोरं या साध्या अडचणीमुळे तिथे होती.

कालक्रम पाहिला की हे अधिक स्पष्ट होतं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यात चित्र पोचलं. पण टीव्हीच्या लहरी डोंगराआड नीट जात नाहीत. टप्प्याच्या कडेला राहणाऱ्यांनी उंच बांबूवर अँटेना चढवली. एकजण गच्चीवर ती फिरवतोय, खालून ओरडा 'आलं, आलं… गेलं!', आणि पडद्यावर पुन्हा मुंग्या. बाकी महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांना वाट पाहावी लागली ती 1984 च्या आसपास लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहीपर्यंत. तिथे इन्सॅटवरून येई ते दिल्लीचं प्रक्षेपण, म्हणजे मराठी गावात टीव्ही आला तो हिंदी बोलतच. मुंबईच्या मुलाच्या आठवणीत 'गजरा' हा मराठी कार्यक्रम आहे, गावाकडच्याच्या आठवणीत 'हम लोग' ही हिंदी मालिका. मध्ये दहा-बारा वर्षं गेली, तरी भरलेल्या खोलीचं वर्णन हुबेहूब तेच. दोन्हीकडे सारखी होती ती संचांची टंचाई.

यावर कुणी 'रामायण' मालिकेचा दाखला देईल. जानेवारी 1987 पासून रविवारी सकाळी लोक टीव्हीला हार घालून बसत, ते काय टंचाईमुळे? भक्ती खरीच होती. पण माणूस पडद्यासमोर का बसला एवढंच भक्तीने कळतं. तो दुसऱ्याच्या पडद्यासमोर का बसला, हे कळत नाही. आणि टीव्हीने शेजार तोडला, ही नंतरची तक्रारही टंचाईला शेजारधर्म समजण्याच्या चुकीतूनच येते. घरोघरी संच झाल्यावर शेजारी जाण्याचं कारण संपलं, इतकंच.

राहता राहिला या आठवणींत सांगितला जाणारा त्या गर्दीतला समभाव. तेव्हाचे बरेच संच लाकडी खोक्यात असत, पुढे सरकती दारं, काहींना कुलूपही. संचाला हजारो रुपये मोजलेले, वर पोस्टात भरायची परवान्याची फी. दार कधी सरकवायचं हे मालकाच्या मर्जीवर. कुठे सिनेमाला चार आणे घेत. खुर्च्या पाहुण्यांना, जमीन शेजारच्या पोरांना, आणि ज्यांना जातीमुळे किंवा गरिबीमुळे उंबरठा बंद, त्यांना खिडकी. आठवणी लिहितात ते बहुधा संचाच्या मालकांची मुलं. त्यामुळे छापील आठवणींत खोली नेहमी आतून दिसते. गजाला धरून उभ्या असलेल्या पोराला मात्र आधी दिसत ती पुढच्यांची डोकी, आणि त्यांच्या फटीतून थोडासा सिनेमा, तोही कुणी 'वारा अडतोय' म्हणून खिडकी लोटून घेईपर्यंत.