पावसात बाईक बंद पडली? लगेच सेल्फ मारू नका, आधी एअर फिल्टर बघा!

मुंबईत हिंदमाता किंवा मिलन सबवेला पाणी भरलं की दरवर्षी तेच दृश्य दिसतं. गुडघाभर पाण्यातून कुणीतरी बाईक ढकलत असतो. दर दहा पावलांवर थांबून सेल्फ मारतो, चालू झाली नाही म्हणून पुन्हा मारतो. बाईक बंद पडली तोवर फार काही बिघडलेलं नसतं. मोठं नुकसान बऱ्याचदा त्यानंतरच्या या धडपडीत होतं, आणि त्यात एअर फिल्टरचा मोठा वाटा असतो.

एअर फिल्टर करतो काय?

इंजिनला पेट्रोलइतकीच हवाही लागते, खरं तर कितीतरी जास्त. 1 ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते. 150 सीसीचं इंजिन 5000 आरपीएमवर पूर्ण थ्रॉटलने फिरत असेल, तर हिशेबाने ते मिनिटाला 375 लिटरच्या आसपास हवा ओढतं. म्हणजे 200 लिटरची जवळजवळ दोन पिंपं! ही सगळी हवा एअर फिल्टरमधून गाळून जाते.

कागदी फिल्टर ओला झाला की त्याची छिद्रं बुजतात. हवा कमी पडते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. मग पिकअप जातो, गाडी मिसिंग करते, कधी काळा धूर येतो आणि अखेर बंद पडते.

मग पावसात बाईक चालवायचीच नाही का?

बिनधास्त चालवा! फिल्टरचा डबा सीटखाली किंवा साइड पॅनलमागे असतो आणि हवा घ्यायचं तोंड आडोशाला असतं. साध्या पावसाचं पाणी तिथे सहसा पोचत नाही. पोचलंच, तर ते बाहेर काढायला बहुतेक गाड्यांत डब्याच्या तळाशी एक छोटी नळी असते आणि तिच्या टोकाला बूच असतं.

खरा धोका तीन ठिकाणी आहे. पहिला, साचलेलं पाणी. दुसरा, वॉशिंग सेंटरवर सीटखाली मारलेला प्रेशरचा पाइप. तिसरा, बाजारातून बसवलेला उघडा कोन फिल्टर. आवाज भारी येतो म्हणून तो बसवतात, पण त्याला डब्याचं संरक्षण नसतं.

स्कूटरवाल्यांनी जरा जास्त सांभाळावं. बऱ्याच स्कूटरमध्ये फिल्टरचा डबा मागच्या चाकाजवळ, बाईकपेक्षा खाली असतो.

पाणी थेट इंजिनमध्ये गेलं तर?

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन जोरात वर आला, तर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. मग इंजिन खोलण्याशिवाय पर्याय उरत नाही. त्यातही साध्या विमा पॉलिसीत अशा नुकसानीची भरपाई सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

पाण्यात बाईक बंद पडली तर हे करा

1. चावी बंद करा. सेल्फ नाही, किकही नाही.
2. गाडी ढकलत कोरड्या जागी न्या.
3. फिल्टरच्या डब्याखालच्या नळीचं बूच काढा. पाणी आलं, तर डब्यात पाणी शिरलंय हे नक्की.
4. फिल्टर काढून बघा. ओला असेल तर गाडी चालू न करता मेकॅनिकला बोलवा. तो स्पार्क प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढेल.
5. इंजिन ऑइल तपासा. रंग दुधाच्या चहासारखा दिसला, तर पाणी मिसळलंय. ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

फिल्टर कोरडा असेल, तर प्लगची कॅप किंवा वायरिंग ओली झालेली असू शकते. पुसून, वाळवून गाडी पुन्हा चालू होते.

हे मात्र करू नका

फिल्टरच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधण्याचा 'जुगाड' नको. पाण्यासोबत हवाही अडते. कागदी फिल्टर पेट्रोलने धुऊ नका. तेलकट कागदाचा फिल्टर असेल तर तो साफ करायचा नसतो, थेट बदलायचा असतो. फोमचा फिल्टर मात्र धुता येतो. साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइल लावा, हलकेच पिळा आणि बसवा.

आणि फिल्टर काढून 'तेवढंच घरापर्यंत' गाडी चालवू नका. चिखल आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

पावसाळ्याआधीची दहा मिनिटं

साइड पॅनल उघडून डब्याच्या झाकणाचं रबर फाटलंय का ते बघा, स्क्रू घट्ट करा, खालची नळी मोकळी करून बूच परत बसवा. धुताना सीटखाली प्रेशर मारू नका, असं वॉशिंगवाल्याला आधीच सांगा.

रस्त्यात पाणी चाकाच्या मध्यापर्यंत दिसलं, तर दुसरा रस्ता धरा. पाणी त्याहून कमी असेल तर पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या रेसवर, हळू निघा. शेजारून जाणाऱ्या बस-ट्रकपासून लांब राहा. पाण्याची पातळी कमी असली तरी त्यांच्यामुळे उठणारी लाट थेट सीटपर्यंत येते.

तुमच्या ग्रुपमध्ये पाण्यात बाईक घालणारा एखादा हिरो असेलच. पुढचा पाऊस यायच्या आत त्याला हे नक्की पाठवा!