आवाज कुणाच्या हवाली?

फोनच्या पडद्यावर एक चित्र येतं. समोरच्या माणसाला एवढंच सांगितलं जातं, की यात काय दिसतंय ते तुमच्या भाषेत बोला. तो बोलतो, फोन रेकॉर्ड करतो. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, आर्टपार्क आणि गूगल यांनी 2022 मध्ये हाती घेतलेल्या ‘वाणी’ प्रकल्पात आवाज असे गोळा होतात. उद्दिष्ट मोठं आहे: देशातले 773 जिल्हे, सुमारे 10 लाख माणसं आणि दीड लाखाहून अधिक तासांचं बोलणं. पहिल्या टप्प्यातल्या 80 जिल्ह्यांत पुणे, नागपूर, धुळे, सोलापूर यांच्यासोबत आपला जिल्हाही आहे. यादीत तो औरंगाबाद या जुन्या नावानं नोंदलेला आहे.

छापील मजकूर वाचायला न देता चित्र का दाखवायचं? कारण वाचताना माणूस शाळेतल्यासारखं बोलतो. इथलं खरं बोलणं पैठण गेट किंवा गुलमंडीच्या दुकानात ऐकू येतं. ‘‘कामून हो, इतकं महाग? कुछ कम करो!’’ वाक्य मराठीत सुरू होतं, हिंदीत संपतं, मधूनच दखनीतलं ‘हौ’ आणि ‘नक्को’ डोकावतं. पुस्तकी मराठीवर तयार झालेलं यंत्र इथं गडबडतं. त्याला ही बोली कळायला हवी असेल, तर ती बोलणाऱ्यांचाच आवाज लागतो.

या यंत्रांना मराठी तशी उशिरानंच आली. गूगलच्या कीबोर्डवर मराठी बोलून टाइप करण्याची सोय 2017 मध्ये झाली आणि गूगल असिस्टंट 2018 मध्ये मराठी बोलू लागला. अॅमेझॉनचा एको हा स्मार्ट स्पीकर ऑक्टोबर 2017 मध्ये भारतात आला, तेव्हा त्यातल्या अलेक्साशी इंग्रजीतच बोलावं लागे. तिला हिंदी येण्यासाठी सप्टेंबर 2019 उजाडावा लागला.

तरीही लोकांनी तिला आपलंसं केलं. विदर्भातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षकानं दुकानातल्यासारख्या पुतळ्यात एको बसवला, आणि मुलं त्याला प्रश्न विचारू लागली. मोतीबिंदूनं नजर अधू झालेल्या आजींना अभंग लावायला कुणाची वाट पाहावी लागत नाही. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन लावणं, वेळ विचारणं, गोळीची आठवण ठेवणं स्वतःचं स्वतः करता येतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसासाठी तर बोलणं हाच इंटरनेटचा दरवाजा आहे. या उपयोगाला कमी लेखणं अन्यायाचं होईल.

मात्र ही सोय कशी चालते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. स्पीकरचा माइक सतत चालू असतो. ‘अलेक्सा’ किंवा ‘ओके गूगल’ हे शब्द येतात का, एवढंच तो जागच्या जागी तपासत राहतो. ते ऐकले की पुढचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातं. घोळ होतो तो चुकून जाग आल्यावर. टीव्हीवरच्या मालिकेतला एखादा शब्द जवळपास तसाच वाटला, तरी रेकॉर्डिंग सुरू होऊ शकतं.

2019 मध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी या वाहिनीला गूगलची हजाराहून अधिक रेकॉर्डिंग्ज मिळाली. त्यांतली 153 अशी होती, की कुणी यंत्राला हाकच मारली नव्हती. घरातली खासगी बोलणी, पत्ते, सगळं त्यांत होतं आणि कंत्राटी माणसं ते ऐकून लिहून काढत होती. अलेक्साची रेकॉर्डिंग्ज ऐकणारे कर्मचारी भारतातही आहेत, हे त्याच वर्षी ब्लूमबर्गनं उघड केलं. लहान मुलांचे आवाज गरजेपेक्षा जास्त काळ साठवल्याच्या प्रकरणात 2023 मध्ये अॅमेझॉननं अमेरिकेत अडीच कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. मार्च 2025 मध्ये तर आवाज कंपनीकडे न पाठवता एकोवरच प्रक्रिया करण्याचा, काही मोजक्या उपकरणांवर असलेला पर्यायही काढून घेतला गेला. विकत घेताना मिळालेली मुभा पुढेही राहीलच, असं धरून चालता येत नाही.

भारतात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमतानं दिला. त्यातलं मुख्य निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचं होतं. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्यानंतरचा. 18 वर्षांखालच्या मुलांचा डेटा घ्यायचा तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असं तो सांगतो. दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. पण आवाजासारख्या नाजूक माहितीसाठी त्यात वेगळा, अधिक कडक वर्ग नाही. ही उणीव बोचणारी आहे, कारण पासवर्ड बदलता येतो, आवाज बदलता येत नाही.

‘वाणी’साठी चित्राचं वर्णन करणाऱ्या माणसाला आपला आवाज नोंदला जातोय हे ठाऊक असतं. सिडकोतल्या फ्लॅटमध्ये भिशीला जमलेल्या शेजारणींना, धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींना ते कुणी सांगितलेलं असतं? स्पीकर त्यांनी आणलेला नसतो आणि अॅपमधल्या अटीही त्यांनी मान्य केलेल्या नसतात. त्यांना ते सांगण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. एकोवर माइक बंद करायचं बटण असतं. ते दाबलं की लाल दिवा लागतो. अलेक्साच्या अॅपमध्ये प्रायव्हसीच्या विभागात जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकता येतात, पुसताही येतात. गूगल खात्यात तीच सोय ‘माय अॅक्टिव्हिटी’मध्ये आहे. ती यादी घरातल्या सगळ्यांनी एकदा एकत्र बसून ऐकावी. हाक न मारता टिपलेलं काही सापडलं, तर स्पीकर झोपायच्या खोलीतून तरी लगेच हलवावा.