पिवळं पडलं म्हणजे मेलं नव्हे

हरळी मारायची कशी, हा सोलापूरच्या शेतकऱ्याचा पिढीजात प्रश्न आहे. उन्हाळी नांगरट करून ढेकळं महिनाभर तापवली, मागून काश्या वेचून बांधावर फेकल्या, तरी मृगाचे दोन पाऊस झाले की ती पुन्हा हजर. आणि त्याच जिल्ह्यात, शहरातल्या बंगल्यांच्या आवारात, हीच हरळी ‘मेली’ म्हणून मे महिन्यात उकरून टाकली जाते आणि नर्सरीतून नव्या लादीची ऑर्डर जाते.

लॉनबद्दलचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. ऊन वाढलं आणि ओल संपली की हरळी पानं सोडून देते आणि जीव जमिनीखालच्या काश्यांत राखून ठेवते. ती मेली आहे की झोपली आहे, हे पाहायला खुरपं पुरे. पिवळ्या ठिकाणची एखादी काशी उकरून नखाने सोलावी. आतून पांढरट आणि किंचित ओलसर असेल तर ती जिवंत आहे. तपकिरी, पोकळ असेल आणि चुरली तर गेली. जिवंत असेल तर तिला मे महिन्यात हिरवं करायचा हट्ट सोडावा. दोन-तीन आठवड्यांतून एकदा सेंटिमीटरभर पाणी दिलं की काश्या तग धरतात. नान्नजच्या माळरानावर, जिथे १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, तिथली कुसळी आणि मारवेल उन्हाळाभर वाळून कोळ झालेली असते. तिथे कोणी नळी घेऊन उभं राहत नाही, तरी पावसाबरोबर माळ परत हिरवा होतो.

ज्यांना उन्हाळ्यातही हिरवळ हवीच आहे, ते बहुतेक जण रोज संध्याकाळी नळीने शिंपण करतात. पाणी भरपूर दिल्यासारखं वाटतं, पण हिशोब करून पाहा. ३० बाय २० फुटांचं लॉन म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. त्यावर रोज ५ मिलिमीटर पाणी म्हणजे २८० लिटर. सोलापुरात मे महिन्यात उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला सेंटिमीटरभर तरी उडून जातं. मग ते ५ मिलिमीटर मुळांपर्यंत पोचणार कधी? वरचा थर ओला होतो, मुळंही ओलीमागे वरच राहतात आणि एक दिवस पाणी चुकलं की होरपळतात. पाच दिवसांचं तेच १४०० लिटर एकदम, पहाटे दिलं तर ते वीतभर खाली जातं आणि मुळं त्याच्यामागे जातात. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहराला हे वेळापत्रक अंगवळणी पडायला हरकत नसावी.

फक्त काळ्या जमिनीची एक खोड लक्षात घ्यावी. ती वाळली की भेगाळते आणि पहिलं पाणी भेगांतून खोल निघून जातं. भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि मग पाणी वरच साचतं. म्हणून १४०० लिटर एका दमात सोडू नयेत. अर्धं द्यावं, तासभर थांबावं, मग उरलेलं द्यावं. दुसऱ्या दिवशी लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत खुपसून पाहावा. सहज जाईल तिथवर ओल आहे.

दुपारी पाणी दिलं की थेंबांची भिंगं होतात आणि पान जळतं, असं शाळेतल्या विज्ञानाच्या थाटात सांगितलं जातं. हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासलं आणि २०१० साली निष्कर्ष छापला: लव नसलेलं, गुळगुळीत पान त्यावर पडलेल्या पाण्याच्या थेंबाने उन्हात भाजत नाही. दुपारी पाणी न देण्याचं खरं कारण साधं आहे. ऊन आणि वारा मिळून बरंच पाणी उडवून नेतात.

बोअरचं पाणी मात्र खरंच त्रास देऊ शकतं. जमिनीवर पांढरी पापुद्री धरत असेल तर ते क्षार आहेत. हरळी त्यांना बऱ्यापैकी सोसते, पण पाण्यात सोडियम जास्त असेल तर काळी माती घट्ट होत जाते. ‘आरओचं वाया जाणारं पाणी लॉनला सोडा’ हा सल्ला काटकसरीचा वाटतो, पण मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाटलेले असतात. कधीमधी आणि आलटून पालटून चालेल, रोज नको. जिप्समही सरसकट टाकू नये. ते सोडियमने बिघडलेल्या जमिनीचं औषध आहे. आधी माती-पाणी तपासून घ्यावं. कोरडवाहू शेतीचं संशोधन जिथे १९३३ पासून चालत आलंय, त्या शहरात हे काम अवघड नाही.

लाल मातीबद्दल तर बोलायलाच नको. टक्कल दिसलं की ट्रॉलीभर लाल माती आणून दोन-तीन इंच पसरायची, ही आपल्याकडची रीत झाली आहे. त्या थराखाली उरलंसुरलं गवत गुदमरतं. टकलाचं कारण बहुतेकदा माती काळी असणं हे नसतंच. तिथे रोज स्कूटर लागते, मुलं क्रिकेट खेळतात किंवा कडुनिंबाची दाट सावली पडते. दाबलेल्या जागी जमीन वाफशावर असताना पहारीने वीतभर खोल भोकं पाडावीत आणि त्यांत चाळलेलं शेणखत आणि वाळू भरावी. वरून टाकायचं तर सेंटिमीटरपेक्षा कमी, पानांची टोकं दिसतील इतकंच. सावलीतल्या टकलाला मात्र उपाय नाही. हरळीला दिवसाचे सहा-सात तास तरी ऊन लागतं. तिथे फरशी घालावी, कुंड्या ठेवाव्यात, पण पाणी वाढवू नये.

प्रत्येक टकलावर कीडनाशकाची पावडर भुरभुरणंही व्यर्थच. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर निघतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि त्यांच्या अळ्या पुढे पावसाळ्यात मुळं खातात. तेव्हा गवत ओढलं तर सोलापुरी चादरीसारखं गुंडाळून वर येतं आणि खाली पांढऱ्या, वाकड्या अळ्या सापडतात. तसं दिसलं तरच औषध. मे महिन्यातलं टक्कल बहुधा हुमणीचं नसतं, आणि वाळलेल्या गवतात दिसणारी वाळवी बहुतेकदा आधीच मेलेलं खायला आलेली असते.

उन्हाळ्यात युरिया टाकू नये. कोरड्या जमिनीत तो पानं करपवतो आणि झोपलेल्या गवताला भूकही नसते. कापणीही बेतानेच, एका वेळी एकतृतीयांशापेक्षा जास्त उंची काढू नये आणि उन्हाळ्यात पातं नेहमीपेक्षा वर ठेवावं. कोरियन गवत मखमली दिसतं म्हणून घेतात, पण ते फार संथ पसरतं. टक्कल भरून काढायला हरळीच बरी.

ती लावायची वेळ मे महिन्यातली नाही, मृगानंतरची. दोन-तीन पेरांचे तुकडे बोटभर खोल, वीतभर अंतरावर टोचावेत, एक पेर वर राहू द्यावं आणि पायाने दाबावं. पाऊस सुरू झाला म्हणून नळी गुंडाळून ठेवू नये. सोलापुरात सरासरीने सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. जून-जुलैत मध्येच मोठी उघडीप पडते आणि नव्या मुळांना ती सोसत नाही. त्या दिवसांत दर दोन-तीन दिवसांनी पाणी हवंच. युरिया द्यायचाच तर सप्टेंबरच्या पावसात द्यावा, चौरस मीटरला दहा ग्रॅम पुरे.