बस सर्वांची, जोखीम कोणाची?

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या देशात आज एकही प्रवासी रेल्वेगाडी धावत नाही. देशांतर्गत विमानसेवा आहे, ती मुख्यतः राजधानी ग्वाटेमाला सिटी आणि उत्तरेकडील फ्लोरेस या दोन शहरांपुरती. पावणेदोन कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या या देशात स्वतःची मोटार बाळगणे अनेक कुटुंबांना परवडत नाही. अशा स्थितीत शेतमजूर, शिक्षक, बाजारकरी स्त्रिया आणि विद्यार्थी यांचा सारा भार वाहते ती तेथील रंगीबेरंगी बस. स्थानिक लोक तिला ‘कामियोनेता’ म्हणतात. इतर अनेक स्पॅनिशभाषक देशांत या शब्दाचा अर्थ छोटा मालवाहू ट्रक असा होतो. ग्वाटेमालात मात्र कामियोनेता म्हणजे बसच. बाजाराच्या दिवशी माणसांबरोबर कोंबड्याही प्रवास करतात, म्हणून परदेशी पर्यटकांनी तिचे नाव ‘चिकन बस’ असे ठेवले आहे.

ही बस स्वस्त आहे, तिच्या फेऱ्या भरपूर आहेत आणि डांबरी रस्ता संपतो तेथेही ती पोहोचते. विशेष म्हणजे ती सरकारी नाही. मार्गाचा परवाना सरकार देते. गाडी, इंधन, दुरुस्ती आणि नफा-तोटा मालकाचा. एकेका बसचा एकेक मालक अशीही उदाहरणे पुष्कळ आहेत. ज्या व्यवस्थेमुळे ही बस सर्वदूर पोहोचते, त्याच व्यवस्थेत तिच्या धोक्यांचेही मूळ आहे.

शाळेतून घाटात

कामियोनेताचा जन्म ग्वाटेमालात होत नाही. अमेरिकेत शाळकरी मुलांची ने-आण करणारी पिवळी बस हे तिचे पूर्वायुष्य. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिक्षणतज्ज्ञ फ्रँक सायर यांनी भरवलेल्या परिषदेत शालेय बससाठी देशभर समान मानके ठरली आणि पहाटेच्या व संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात चटकन नजरेत भरणारा पिवळा रंग निश्चित झाला. काही वर्षांच्या सेवेनंतर शाळा या गाड्या लिलावात काढतात. दणकट बांधणीमुळे त्यांत पुष्कळ आयुष्य शिल्लक असते. मध्य अमेरिकेतील व्यापारी त्या विकत घेतात आणि मेक्सिको ओलांडून, अनेक दिवस चालवत दक्षिणेकडे आणतात.

ग्वाटेमालातील कार्यशाळांत या बसचा कायापालट होतो. घाटातील अवघड वळणे घेता यावीत म्हणून काही गाड्यांची लांबी कापून कमी केली जाते. चढणीला पुरेल असे इंजिन आणि गिअर बसवले जातात. टपावर सामानासाठी लोखंडी कठडा आणि मागे शिडी येते. मग रंगकाम: लाल, निळे, हिरवे पट्टे, चकचकीत क्रोम, काचेवर एखादे स्त्रीनाम किंवा देवावरील श्रद्धेचे वाक्य. रस्त्यावर उतरण्यापूर्वी धर्मगुरूंच्या हस्ते बसला आशीर्वाद देण्याची प्रथाही आहे. अमेरिकी दिग्दर्शक मार्क केंडल यांच्या ‘ला कामियोनेता’ (२०१२) या माहितीपटात अशाच एका बसचा लिलावापासून ग्वाटेमालातील रस्त्यापर्यंतचा प्रवास टिपला आहे.

रेल्वे गेली, रस्ता राहिला

या देशात रेल्वे कधी नव्हतीच असे नाही. अटलांटिक किनाऱ्यावरील पुएर्तो बारियोस बंदर ते राजधानी हा लोहमार्ग १९०८ मध्ये पूर्ण झाला. पुढे हे जाळे केळी व्यापारातील बलाढ्य अमेरिकी कंपनी युनायटेड फ्रूटच्या प्रभावाखाली गेले. निर्यातीचा माल बंदरापर्यंत नेणे हे त्याचे मुख्य काम. डोंगराळ प्रदेशातील गावे एकमेकांना जोडणे हा त्याचा हेतू नव्हता. या मक्तेदारीला शह देण्यासाठी राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ यांच्या सरकारने अटलांटिक महामार्गाची योजना हाती घेतली. १९५४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेच्या पाठबळाने आर्बेन्झ यांना सत्तेवरून दूर करण्यात आले. महामार्ग मात्र पुढे पूर्णत्वास गेला.

१९६८ मध्ये रेल्वे सरकारच्या ताब्यात आली आणि १९९६ मध्ये ती थांबली. १९९९ नंतर एका अमेरिकी कंपनीने मालवाहतूक पुन्हा सुरू केली. २००७ मध्ये तीही बंद पडली. १९६० ते १९९६ ही ३६ वर्षे देश यादवी युद्धात होरपळत होता. त्यामुळे प्रवासी वाहतुकीची मोठी सरकारी संस्था येथे उभी राहिली नाही. ती पोकळी बसमालकांनी भरून काढली. लिलावातील एक जुनी बस, एक परवाना आणि कर्ज एवढ्या भांडवलावर व्यवसाय सुरू करता येत असल्याने दुर्गम खोऱ्यांतही बस पोहोचली.

प्रवासाची रीत

कामियोनेताचे छापील वेळापत्रक शोधत बसण्यात अर्थ नसतो. बस पुरेशी भरली की सुटते आणि वाटेत जेथे हात दाखवाल तेथे थांबते. तिचा खरा सूत्रधार चालक नसून ‘आयुदान्ते’, म्हणजे मदतनीस असतो. दारात लोंबकळत तो गावाचे नाव ओरडतो: राजधानीसाठी ‘ग्वाते, ग्वाते’, चिचिकास्तेनांगोसाठी ‘चिची, चिची’, तर केत्झाल्तेनांगोसाठी ‘शेला, शेला’. हे शेवटचे नाव या शहराच्या जुन्या माया नावावरून आले आहे. प्रवाशांची गाठोडी टपावर चढवणे, चालत्या गाडीत शिडीवरून उतरून मागच्या दाराने आत येणे आणि गर्दीतून वाट काढत भाडे गोळा करणे ही सारी कामे त्याचीच. कोण कोठे चढला आणि कोणाला किती सुटे पैसे परत द्यायचे आहेत, हे त्याच्या ध्यानात असते.

शाळकरी मुलांच्या मापाच्या बाकावर येथे तीन प्रौढ बसतात. तिसऱ्याचे अर्धे अंग मधल्या मार्गावर लटकत असते आणि पलीकडच्या बाकावरील तिसऱ्या प्रवाशाच्या खांद्याचा त्याला आधार मिळतो. मोठे सामान टपावर आणि पैसे व कागदपत्रे असलेली पिशवी मांडीवर, हा साधा नियम. क्वेट्झल या चलनाच्या लहान नोटा जवळ ठेवाव्यात. योग्य भाडे जाणून घेण्याचा सोपा उपाय म्हणजे शेजारी किती पैसे देतो ते पाहणे. पहिल्या गाड्या पहाटेच निघतात आणि अंधार पडण्यापूर्वी बहुतेक मार्ग ओस पडतात. म्हणून लांबचा प्रवास सकाळीच सुरू करणे शहाणपणाचे.

थेट बस नसली तरी बिघडत नाही. प्रवास फाट्याफाट्याने करायचा असतो. जुनी राजधानी अँटिग्वा (क्रिकेटमुळे परिचित असलेले कॅरिबियन बेट ते वेगळे) येथून चिचिकास्तेनांगोचा गुरुवार वा रविवारचा बाजार गाठायचा असेल, तर आधी चिमाल्तेनांगो, तेथून आंतरअमेरिकी महामार्गावरील लोस एन्क्वेन्त्रोस आणि तेथे उतरून चिचीची बस असा क्रम असतो. लोस एन्क्वेन्त्रोसचा अर्थ ‘भेटींची ठिकाणे’. आतित्लान सरोवराकडे, म्हणजे सोलोला आणि पानाहाचेलकडे जाणारेही याच परिसरात गाडी बदलतात. आणखी पश्चिमेला क्वात्रो कामिनोस, म्हणजे ‘चार रस्ते’, येथून केत्झाल्तेनांगो, तोतोनिकापान आणि वेवेतेनांगोच्या वाटा फुटतात. या नाक्यांची नावे ठाऊक असली की पश्चिम डोंगराळ भागाचा नकाशा आपोआप उलगडतो. बसमध्ये स्पॅनिशबरोबरच किचे, काकचिकेल, माम अशा माया भाषाही कानी पडतात. देशात २२ माया भाषांना अधिकृत मान्यता आहे.

राजधानीत मात्र सर्व गाड्यांचे एकच मोठे स्थानक नाही. शहर क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या विभागांत वाटलेले आहे आणि जायच्या दिशेप्रमाणे बस सुटण्याची जागा बदलते. दक्षिणेकडील गाड्यांसाठी विभाग १२ मधील ‘सेन्मा’, तर अटलांटिक महामार्गाच्या दिशेसाठी विभाग १८ मधील ‘सेन्त्रा नोर्ते’ ही प्रमुख केंद्रे आहेत. तिकालच्या माया अवशेषांसाठी फ्लोरेसला जाताना बहुतेक प्रवासी कामियोनेताऐवजी ‘पुलमान’ या आरामगाडीने रात्रभराचा प्रवास करतात. अखेरच्या टप्प्याला अनेक गावांत तीनचाकी ‘टुकटुक’ मिळते. त्यांतील बहुतांश रिक्षा मूळच्या पुण्याच्या बजाज कंपनीच्या. आतित्लानच्या काठावर मराठी प्रवाशाला घरच्यासारखे वाटावे, असे ते दृश्य असते.

खंडणीचे सावट

या रंगीत चित्राला एक भीषण बाजूही आहे. बसच्या दिवसभराच्या उत्पन्नातून मालकाची ठरलेली रक्कम आणि इंधनाचा खर्च वजा जाता जे उरेल ते चालक व मदतनिसाचे, अशी पद्धत अनेक मार्गांवर आहे. साहजिकच जास्त प्रवासी म्हणजे जास्त कमाई. पुढच्या बसला मागे टाकून थांब्यावरील प्रवासी उचलण्याची शर्यत आणि क्षमतेच्या दुप्पट गर्दी यांचे मूळ बेफिकीर स्वभावापेक्षा या हिशेबात अधिक आहे.

शिवाय बसमध्ये रोख पैसा असतो, तिचा मार्ग ठरलेला असतो आणि तिला लपता येत नाही. खंडणीखोर टोळ्यांसाठी याहून सोपे लक्ष्य नाही. ‘मारा साल्वात्रुचा’ आणि ‘बारियो १८’ या टोळ्या लॉस एंजेलिसच्या वस्त्यांत वाढल्या आणि अमेरिकेने हद्दपार केलेल्या तरुणांबरोबर मध्य अमेरिकेत पसरल्या. जुनी बस ज्या देशातून आली, तिच्याकडून हप्ता वसूल करणाऱ्या टोळ्याही त्याच देशातून आल्या, हा दुर्दैवी योगायोग. हप्ता चुकला तर शिक्षा मालकाला नव्हे, तर चाकावर बसलेल्या चालकाला मिळते. २००० नंतरच्या काळात शेकडो चालक आणि मदतनीस असे मारले गेले. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या नागरिकांना या बस टाळण्याचा सल्ला देते, त्यामागे हेही कारण आहे. पर्यटकाला खासगी ‘शटल’चा पर्याय असतो, रोज राजधानीत कामाला जाणाऱ्याला तो नसतो.

सुधारणांचे अडथळे

राजधानीच्या महापालिकेने फेब्रुवारी २००७ मध्ये ‘ट्रान्समेट्रो’ सुरू केली. स्वतंत्र मार्गिका, पोलिसांची नजर असलेली स्थानके आणि बसमध्ये चढण्यापूर्वीच भाडे ही तिची वैशिष्ट्ये. चालकाच्या हाती पैसाच नसल्याने खंडणीखोराच्या हाती लागण्यासारखेही काही राहिले नाही. २०१० मध्ये सरकारी अनुदानाच्या आधारे ‘ट्रान्सउर्बानो’ ही कार्डाने भाडे घेणारी दुसरी सेवा आली. परंतु तिच्या निधीवरून भ्रष्टाचाराचे प्रकरण उभे राहिले. त्यात माजी राष्ट्राध्यक्ष आल्वारो कोलोम यांना फेब्रुवारी २०१८ मध्ये अटक झाली. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. ट्रान्समेट्रो टिकली आणि वाढली, पण शहरापुरतीच. गावोगावी जाणाऱ्या कामियोनेताचे अर्थकारण होते तसेच राहिले.

त्याची किंमत अपघातांतून समोर येते. सप्टेंबर २०१३ मध्ये सान मार्तिन हिलोतेपेकेजवळ बस दरीत कोसळून ४० हून अधिक प्रवासी मरण पावले. १० फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे सान आगुस्तिन आकासाग्वास्त्लानहून राजधानीकडे येणारी गच्च भरलेली बस बेलिझ पुलावरून खाली कोसळली आणि ५० हून अधिक जणांचा बळी गेला. राष्ट्राध्यक्ष बेर्नार्दो आरेव्हालो यांनी राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. ही बस ३० वर्षांची होती आणि तिचा परवाना वैध होता, असे प्राथमिक माहितीच्या आधारे संबंधित मंत्र्यांनी सांगितले. नियम मोडला म्हणून नव्हे, तर तिला रस्त्यावर राहू देणारा नियमच अस्तित्वात होता, ही त्यातील अधिक अस्वस्थ करणारी बाब.

त्यानंतर मार्च २०२५ मध्ये सरकारने वाहनांना विमा सक्तीचा करणारा आदेश काढला. अपघातग्रस्तांना भरपाई मिळावी, हा त्याचा हेतू. पण हप्त्याचा बोजा आपल्यावर पडेल या भीतीने वाहतूकदार आणि सामान्य वाहनधारकांनी महामार्ग रोखले आणि सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले. विरोध करणाऱ्यांना सुरक्षितता नको होती, असा त्याचा अर्थ नव्हे. जुनी बस बदलायची तर कर्ज कोणी काढायचे, विम्याचा हप्ता कोणी भरायचा आणि भाडे वाढले तर मजुराने काय करायचे, या प्रश्नांना उत्तर नव्हते.

कामियोनेताची कल्पकता वादातीत आहे. परक्या देशाने टाकून दिलेल्या वाहनाला नवे आयुष्य देऊन तिने सरकार न पोहोचलेल्या गावांना बाजार, शाळा आणि दवाखान्याशी जोडले. पण सार्वजनिक गरज खासगी हिमतीवर सोडली की फायदा सर्वांना मिळतो आणि जोखीम मात्र चालक, मदतनीस व तीन जणांच्या बाकावर अवघडून बसलेल्या प्रवाशाच्या वाट्याला येते. ही जोखीम वाटून घेण्याची तयारी राज्यसंस्था जोवर दाखवत नाही, तोवर बसला नवा रंग मिळत राहील. तिच्या खालचा सांगाडा तसाच जुना राहील.